कॅसँड्रा ३.११ वरून ५.० : काय बदलतं, काय मोडतं आणि परतीची वाट कुठे बंद होते?

टोकनधारी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आमचं १२ नोडांचं कॅसँड्रा क्लस्टर आहे, म्हणजे एकच डेटाबेस बारा यंत्रांवर पसरलेला. दोन डेटासेंटर, प्रत्येकी ६ नोड, रेप्लिकेशन फॅक्टर (डेटाच्या प्रती) ३. आवृत्ती ३.११. 'चालतंय ना, मग हात लावू नकोस' या एकाच धोरणावर इतकी वर्षं निघाली. पण सप्टेंबर २०२४ मध्ये ५.० आलं आणि त्याबरोबर ३.एक्सची देखभाल थांबली. आता सुरक्षेची माणसं दर महिन्याला तोच प्रश्न विचारतात आणि दर महिन्याला मी तेच उत्तर देतो.

बदलांची यादी वाचायला घेतली तर ती संपेना. सगळं कळून घ्यायचंय असं नाही. कॅसँड्रा चालवणाऱ्या माणसाला कुठे ठेच लागते, तेवढं हवंय. जुन्या ॲप्लिकेशनांच्या क्वेऱ्या, ड्रायव्हर, यामल (सेटिंगांची) फाइल, जावा, यातलं काय मोडतं? आणि अर्ध्यात अडकलो तर मागे येता येतं का?

निशाचर

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बहुतेक जण तो शेवटीच विचारतात आणि तोवर उशीर झालेला असतो.

३.११ वरून थेट ५.० वर जाता येत नाही. मध्ये ४.० किंवा ४.१ वर उतरावंच लागतं. आम्ही ४.१ घेतलं. म्हणजे तुमचे प्रवास दोन आहेत आणि दोघांचा स्वभाव वेगळा.

पहिल्या प्रवासात, ३.११ ते ४.१, परतीची वाट जवळजवळ नाही. ४.१ चा नोड सुरू झाला की सिस्टम टेबलं नव्या पद्धतीने लिहितो, मेमटेबल फ्लश झाली (मेमरीतला डेटा डिस्कवर उतरला) की एसएसटेबल, म्हणजे डेटाच्या फाइली, नव्या फॉर्मॅटमध्ये पडतात. ते ३.११ ला वाचता येत नाहीत. बायनरी बदलून मागे जाऊ म्हणाल तर नोड उठणारच नाही. स्नॅपशॉट परत ठेवायचा आणि नंतर आलेल्या लिखाणावर पाणी सोडायचं, किंवा तो नोड पुसून बाकीच्यांकडून भरून घ्यायचा, एवढंच उरतं.

दुसऱ्या प्रवासात, ४.१ ते ५.० मध्ये, मात्र मुद्दाम एक दार उघडं ठेवलंय. यामलमध्ये स्टोरेज_कम्पॅटिबिलिटी_मोड नावाची सेटिंग आहे. तिची मूळ किंमत 'कॅसँड्रा_४'. या अवस्थेत ५.० चा नोड ४.एक्सला समजेल असंच लिहितो, त्यामुळे मागे येता येतं. ते दार आपोआप बंद होत नाही, तुम्हीच बंद करायचं असतं. त्यावर पुढे लिहितो, आत्ता ऑनकॉलवर आहे.

सावलीतली

वाचतेय. आमचंही ३.११ च आहे, फक्त ते कोणी कबूल करत नाही.

जुनाजाणता

टोकनधारी, तयारीतच अर्धी लढाई आहे. एकेक नोड बंद करत जाताना सगळ्यात आधी काय कोसळतं माहितीये? लॉगिन! सिस्टम_ऑथ या कीस्पेसचा (लॉगिनची माहिती ठेवणाऱ्या टेबलांच्या गटाचा) रेप्लिकेशन फॅक्टर मुळात १ असतो. क्लस्टर उभारताना कुणी वाढवला नसेल, तर ज्या नोडवर तुमच्या ॲप्लिकेशनचा रोल बसलाय तो बंद होताक्षणी नवी कनेक्शनं नाकारली जातात. जुनी चालू राहतात, म्हणून दहा मिनिटं कुणाला कळत नाही. आम्ही हे भर दुपारी शिकलो.

तेव्हा आधी तो फॅक्टर दोन्ही डेटासेंटरांसाठी नीट करा, त्या कीस्पेसवर पूर्ण रिपेअर (सगळ्या प्रती एकमेकींशी जुळवणं) चालवा आणि मग पुढचं बोला.

दुसरं, नम_टोकन्स, म्हणजे डेटाचे किती तुकडे एका नोडकडे असतात तो आकडा. ३.११ च्या यामलमध्ये ते २५६ असतं, ४.० पासून नव्या यामलमध्ये १६. नवी फाइल तशीच टाकलीत तर नोड स्वच्छ सांगतो की टोकनांची संख्या २५६ वरून १६ करता येणार नाही, आणि बंद पडतो. हा त्यातल्या त्यात सज्जन दोष, कारण लगेच ओरडतो. १६ हवेच असतील तर नवं डेटासेंटर जोडून तिकडे सरकायचं. पण अपग्रेडच्या धामधुमीत ते अंगावर घेऊ नका.

खुंटी

जुनाजाणता यांना +१. ओरडणाऱ्या दोषांत आणखी एक. ॲमेझॉनच्या ढगात ईसी२ स्निच (नोड कोणत्या डेटासेंटरात आहे ते ठरवणारा भाग) वापरत असाल तर ४.० पासून डेटासेंटरचं नाव ठरवायची पद्धत बदलली आहे. पूर्वी विभागाच्या नावाच्या शेवटी १ असेल तर तो गाळला जायचा, आता पूर्ण नाव येतं. म्हणजे अपग्रेडनंतर नोड उठतो, स्वतःला भलत्याच डेटासेंटरात पाहतो आणि 'माझं पूर्वीचं डेटासेंटर वेगळं होतं' म्हणून थांबतो. रॅकडीसी प्रॉपर्टीज फाइलमध्ये नामकरणाची पद्धत 'लेगसी' ठेवायची. एक ओळ आहे, पण ती शोधेपर्यंत माझी रात्र गेली होती.

टोकनधारी

आमची यंत्रं आमचीच आहेत, त्यामुळे स्निचमधून सुटलो. पण सिस्टम_ऑथ तपासलं. एक. पूर्ण क्लस्टरला एक! सात वर्षं आम्ही नशिबावर चाललो होतो.

नोडांमधलं दळणवळण मात्र एन्क्रिप्टेड आहे. तिथे काही?

ऑनकॉल_मावशी

तिथे आहे तर! ३.११ मध्ये साधं बोलणं ७००० वर आणि एन्क्रिप्टेड ७००१ वर. ४.० पासून दोन्ही ७००० वरच. आता कल्पना करा, पहिला नोड नवा झाला, त्याने ७००१ ऐकणं सोडलं, आणि बाकीचे अकरा जुने त्याला ७००१ वरच हाका मारतायत. नोडटूल (कॅसँड्राचं कमांडलाइन साधन) स्टेटसमध्ये तो नवा नोड स्वतःला ठणठणीत दाखवतो, बाकीचे त्याला मेलेला म्हणतात. दोघांचंही आपापल्या जागी खरंच.

सर्व्हर_एन्क्रिप्शन_ऑप्शन्समध्ये जुनं एसएसएल पोर्ट चालू ठेवणारी सेटिंग आहे, ती अपग्रेडपुरती 'खरी' करायची. सगळे नोड नवे झाले की काढायची. फायरवॉलवाल्यांनाही आधीच सांगून ठेवा. ते नेहमी 'त्या दिवशी' सुट्टीवर असतात.

अवांतर: डेबियनचं पॅकेज वापरत असाल तर लक्षात ठेवा, पॅकेज बसलं की सेवा आपोआप सुरू होते. तुम्ही यामल बदलायच्या आधीच. मी एकदा चहा ओतत असताना नोड मूळ सेटिंगांवर उठून बसला होता. आधी सेवा मास्क करा, मग पॅकेज, मग फाइली, मग सुरू.

निशाचर

मावशी, तुमचा प्रत्येक किस्सा एकेका पोस्टमॉर्टेमच्या लायकीचा असतो.

आता यामल. ४.१ मध्ये नावांची मोठी झाडाझडती झाली. पूर्वी एकक नावातच असायचं, आता ते किमतीत गेलं. 'रीड_रिक्वेस्ट_टाइमआउट_इन_एमएस : ५०००' असं होतं, ते आता 'रीड_रिक्वेस्ट_टाइमआउट : ५०००एमएस'. तसंच 'इनेबल_' ने सुरू होणारी नावं उलटली, आता 'इनेबल्ड' शेवटी येतं. जुनी नावं चालतात, घाबरू नका. पण एकाच सेटिंगचं जुनं आणि नवं नाव दोन्ही एका फाइलमध्ये असेल तर नोड सुरू होत नाही. आणि असं नेमकं कधी होतं? जुन्या फाइलीत नव्या ओळी चिकटवल्या की. किंवा तुमचं अँसिबल टेम्प्लेट आणि हाताने केलेली दुरुस्ती एकत्र आली की.

यातला एक तपशील मला फार आवडतो. स्ट्रीमिंगचा (नोडांमधल्या डेटा-वाहतुकीचा) वेग पूर्वी मेगाबिट प्रतिसेकंद असायचा, मूळ किंमत २००. नव्या नावात तो मेबीबाइटमध्ये आहे, मूळ किंमत २४. बाकी वेग पूर्वीपासून बाइटांच्या हिशेबात होते, फक्त स्ट्रीमिंगचा बिटमध्ये. त्यामुळे आकडा तोच ठेवून कुणी नाव आणि एकक बदललं तर स्ट्रीमिंग आठपटीने सुसाट सुटतं आणि नेटवर्कवाले विचारायला येतात.

प्रश्नचिन्ह

बाळबोध प्रश्न. अपग्रेडच्या मधल्या काळात, म्हणजे अर्धे नोड जुने अर्धे नवे असताना, ॲप्लिकेशनला काही कळतं का? की ते निवांत?

जुनाजाणता

बाळबोध अजिबात नाही. वाचणं-लिहिणं चालतं, म्हणूनच तर रोलिंग अपग्रेड म्हणतात. पण ड्रायव्हरची एक गोम आहे. ४.० मध्ये नेटिव्ह प्रोटोकॉलची पाचवी आवृत्ती पक्की झाली. ड्रायव्हर ज्या नोडशी पहिल्यांदा बोलतो त्याच्याशी आवृत्ती ठरवतो. नशिबाने तो नोड नवा निघाला, पाचवी ठरली, आणि मग तोच ड्रायव्हर जुन्या नोडकडे गेला की तिथे 'ही भाषा मला येत नाही'. काही नवे ड्रायव्हर सगळे नोड बघून ठरवतात, जुने बघत नाहीत. सोपा उपाय म्हणजे अपग्रेडआधी सगळ्या ॲप्लिकेशनांत प्रोटोकॉल चौथ्या आवृत्तीवर बांधून टाकायचा. सगळं पार पडलं की सोडायचा.

आणि चालवणाऱ्यांसाठी मिश्र काळातले नियम कडक आहेत. टेबल बनवणं-बदलणं नाही. रिपेअर नाही. नोड जोडणं-काढणं नाही. नवीन सुविधा वापरणं नाही. क्रॉनमधला रिपेअर बंद करायला सगळे विसरतात. तो पहाटे आपला उठतो आणि कामाला लागतो. आणखी एक चोर म्हणजे ॲप्लिकेशन सुरू होताना 'टेबल नसेल तर बनव' असं करणारे प्रोग्राम. तुम्ही मायग्रेशन थांबवलं असेल, पण कुणीतरी त्याच आठवड्यात नवी सेवा डिप्लॉय करतो आणि स्कीमा दोन तुकड्यांत. नोडटूल डिस्क्राइबक्लस्टर दर नोडनंतर बघा, स्कीमाची एकच आवृत्ती दिसली पाहिजे, म्हणजे निदान एका आवृत्तीच्या नोडांमध्ये तरी.

डेव्हपण_कधीतरी

'नवी सेवा डिप्लॉय करणारा कुणीतरी' या नात्याने माझा निषेध नोंदवतो. आम्हाला कुणी सांगतच नाही.

बरं, क्वेऱ्यांचं काय? आमच्या कोडमध्ये डेटऑफ आणि युनिक्सटाइमस्टँपऑफ पुष्कळ ठिकाणी आहे.

खुंटी

ते दोन्ही ५.० मध्ये काढून टाकलेत. त्यांच्या जागी टू_टाइमस्टँप आणि टू_युनिक्स_टाइमस्टँप. ३.११ मध्ये हीच फंक्शनं अधोरेखांशिवाय, टूटाइमस्टँप अशी आहेत. म्हणजे आत्ताच, ३.११ वर असतानाच, कोड तिकडे वळवून ठेवता येतो. अपग्रेडच्या दिवशी करायची गोष्टच नाही ही.

५.० च्या आधी आवरायच्या अजून दोन गोष्टी. डेटटायर्ड कॉम्पॅक्शन (डेटाफाइली एकत्र करायची एक पद्धत) असलेली टेबलं, ती टाइमविंडोवर न्या, कारण ५.० मध्ये डेटटायर्ड उरलेलंच नाही. आणि जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली यूडीएफ (आपण स्वतः लिहिलेली फंक्शनं). ती गेली. जावातली राहिली.

थ्रिफ्टही (ॲप्लिकेशनांचा जुना प्रोटोकॉल) ४.० मध्येच गेलंय, पण २०२१ नंतरही कुणी थ्रिफ्टवर असेल तर त्याने वेगळा धागा काढावा.

सावलीतली

…मी वेगळा धागा काढते.

ऑनकॉल_मावशी

सावलीतली 😂 काढ गं, आम्ही येतो सगळे.

टोकनधारी

जावाचं कुणी बोललं नाही. आमच्याकडे आठ आहे.

निशाचर

४.१ आठवर चालतं आणि अकरावरही. ५.० ला आठ चालत नाही, अकरा किंवा सतरा. म्हणून ४.१ वर पोचून स्थिरावल्यावर, ५.० च्या आधी, जावा अकरा करून घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर लेटन्सी वाढली की दोष जावाचा की कॅसँड्राचा यावर आठवडाभर मीटिंगा.

जेव्हीएमची ऑप्शन फाइलही फुटलीये. पूर्वी एकच असायची, ४.० पासून सर्वसाधारण एक आणि जावाच्या आवृत्तीप्रमाणे वेगळी. तुमचा हीपचा (जावाच्या मेमरीचा) आकडा जुन्या फाइलीत राहिला तर तो वाचलाच जात नाही आणि नोड स्वतःच्या हिशेबाने हीप ठरवतो. हा दोष ओरडत नाही! दोन दिवसांनी जीसीचे (मेमरी साफसफाईचे) थांबे वाढलेले दिसतात, तेव्हा कळतं. आणि सतरावर गेलात तर सीएमएस या जुन्या जीसी कलेक्टरचे पर्याय काढा. तो जावा १४ मध्येच काढला गेला. सतरा तो पर्याय ओळखत नाही आणि जेव्हीएम सुरूच होत नाही.

आता राहिलेलं दार. ५.० वर सगळे नोड आले, मोड 'कॅसँड्रा_४' आहे, आठवडाभर सगळं बरं चाललं. मग यामलमध्ये 'अपग्रेडिंग' करून परत एकेक नोड रीस्टार्ट. या अवस्थेत नोड एकमेकांच्या आवृत्त्यांवर लक्ष ठेवतात आणि सगळे पुढे आलेत असं दिसल्यावरच नवी कामं सुरू करतात. मग 'नन' करून आणखी एक फेरी. थोडक्यात, ५.० चं अपग्रेड म्हणजे क्लस्टरभर तीन रोलिंग रीस्टार्ट. 'कॅसँड्रा_४' वरून थेट 'नन' वर उडी मारायची नाही, मधली पायरी शोभेला नाहीये.

डेव्हपण_कधीतरी

पण मग 'कॅसँड्रा_४' मध्येच कायम राहिलं तर? दार उघडं आहे, कुणाचं काय बिघडलं?

निशाचर

पुष्कळ जण राहतात आणि मग विचारतात की ५.० घेऊन फरक काय पडला.

माझ्या मते तिथे रेंगाळण्यात खरा तोटा टीटीएलचा (डेटा आपोआप मिटायच्या मुदतीचा) आहे. कॅसँड्रात टीटीएल जास्तीत जास्त २० वर्षांचा देता येतो आणि कालबाह्यतेची वेळ ३२ बिटांत बसायची, म्हणून शेवटची तारीख १९ जानेवारी २०३८. हिशेब करा, २० वर्षांचा टीटीएल देणाऱ्यांची गाडी जानेवारी २०१८ मध्येच भिंतीवर आपटली. त्यावेळच्या आवृत्त्यांत दुरुस्तीपूर्वी असा डेटा गुपचूप गायब व्हायचा, नंतर इन्सर्टच नाकारला जाऊ लागला. आता १५ वर्षांचा टीटीएल देणारेही त्याच भिंतीपाशी आहेत. ५.० मध्ये ही मर्यादा फेब्रुवारी २१०६ पर्यंत गेली, पण 'कॅसँड्रा_४' मोडमध्ये जुनीच लागू राहते, कारण नवी तारीख ४.एक्सला वाचता येणार नाही. दार उघडं ठेवण्याची ही किंमत.

अनामिक_अॅडमिन

प्रकाटाआ.

ऑनकॉल_मावशी

अनामिक, काढलात का प्रतिसाद? मी वाचला होता. चांगला होता, लाजू नका. मीच थोडक्यात लिहू का?

अनामिक_अॅडमिन

बरं, लिहितो परत. लाज वाटली एवढंच.

५.० सोबत दोन यामल येतात. एक नेहमीची आणि एक 'लेटेस्ट' नावाची. आमच्या टीममध्ये नवीन आलेल्या मुलाने नावावरून अंदाज बांधला, आणि तो चुकीचा होता असं कसं म्हणू! अपग्रेडमध्ये लेटेस्ट फाइल वापरायची, असं त्याला वाटलं. नम_टोकन्स आणि पत्ते जुन्या फाइलीतून नीट उचलले, त्यामुळे नोड कुरकुर न करता उठला. पण त्या फाइलीत मोड 'नन' असतो आणि एसएसटेबलचा फॉर्मॅट नवा ट्राय-आधारित. बाकीचे सगळे नोड ४.१ वर, आणि हा एकटा नोड नव्या लिपीत लिहीत बसलेला. कुठेही एरर नाही. आलेख हिरवे.

दुसऱ्या दिवशी वेगळ्याच कारणाने अपग्रेड मागे घ्यायचं ठरलं, एका ॲप्लिकेशनची क्वेरी मोडली होती. बाकी जे नोड नेहमीच्या फाइलीने पुढे गेले होते ते निमूट मागे आले. हा आला नाही. शेवटी तो पुसून शेजाऱ्यांकडून भरून घ्यावा लागला, त्यात दीड दिवस. मुलाला कुणी बोललं नाही, कारण रिव्ह्यू मीच केला होता.

जुनाजाणता

यात लाज कसली राव. उलट हाच धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद आहे.

तपासायची युक्ती सांगतो. मोड काय लिहिलाय यावर विसंबू नका, डेटाच्या फोल्डरमध्ये फाइलींची नावं बघा. नावाच्या सुरुवातीला दोन अक्षरं असतात. ४.१ ची 'एनबी'. ५.० जुन्या मोडमध्येही 'एनबी'च लिहितं. नवा फॉर्मॅट सुरू झाला की 'ओए', आणि ट्राय-आधारित असेल तर 'डीए'. पहिला नोड ५.० झाल्यावर एक फ्लश करा आणि लगेच नावं बघा. 'एनबी' सोडून काही दिसलं तर तिथल्या तिथे थांबा, दुसऱ्या नोडला हात लावू नका.

प्रश्नचिन्ह

अपग्रेडएसएसटेबल्स (जुन्या एसएसटेबल नव्या फॉर्मॅटमध्ये लिहिणारी आज्ञा) कधी चालवायचं मग? प्रत्येक नोडनंतर लगेच?

जुनाजाणता

नाही. सगळे नोड नव्या आवृत्तीवर आल्यावर. ३.११ ते ४.१ झालं की चालवा, सावकाश, एका वेळी एक-दोन नोड, कारण ते सगळा डेटा पुन्हा लिहितं. डिस्कवर जागा आहे ना ते बघा. अपग्रेडआधीचे स्नॅपशॉट जुन्या फाइलींना हार्डलिंकने धरून ठेवतात, त्यामुळे जुन्या फाइली पुसल्या तरी जागा सुटत नाही. डिस्क ६० टक्के भरलेली, स्नॅपशॉट पडलेले आणि वर अपग्रेडएसएसटेबल्स, हे गणित बसत नाही. मागे जायचं नाही हे पक्कं झाल्यावर आधी स्नॅपशॉट काढा, मग पुनर्लेखन.

आणि ते पूर्ण झाल्याशिवाय ५.० ची तारीख काढू नका.

टोकनधारी

मंडळी, धागा वर काढतोय. मधे सहा आठवडे गेले.

सिस्टम_ऑथ तीनवर नेलं, रिपेअर केला. डेटऑफ कोडमधून काढून घेतलं (सत्तावीस ठिकाणी, एक तर शेल स्क्रिप्टमध्ये). ड्रायव्हर चौथ्या आवृत्तीवर बांधले. ४.१ वर बाराही नोड दोन रात्रींत. ७००१ चं मावशींनी सांगितलं नसतं तर पहिल्याच नोडला फजिती होती. हीपचा आकडा मी तरीही जुन्याच फाइलीत ठेवून विसरलो होतो, पण निशाचर यांचं वाक्य आठवलं आणि तिसऱ्या नोडच्या आधी सापडलं. पहिले दोन परत रीस्टार्ट केले.

एक अडचण आहे. अपग्रेडएसएसटेबल्स दहा नोडांवर झालं. अकराव्यावर एक टेबल पुनर्लेखनाच्या मध्यावर थांबतं, लॉगमध्ये एका एसएसटेबलबद्दल करप्ट असल्याचं येतं. स्नॅपशॉट अजून काढलेले नाहीत. स्क्रब चालवू का?

निशाचर

थांबा. स्क्रब वाचता न येणाऱ्या ओळी टाकून देतो. तुमच्याकडे तीन प्रती आहेत, मग घाई कशाला? आधी डिस्कचं आरोग्य बघा, डीमेसेजमध्ये (लिनक्स कर्नलच्या लॉगमध्ये) आयओच्या तक्रारी आहेत का ते सांगा. डिस्क ठीक असेल तर नोड बंद करून ती एकच एसएसटेबल तिच्या सगळ्या सोबतच्या फाइलींसकट बाजूला हलवा, पुसू नका, नोड उठवा, आणि त्या टेबलवर पूर्ण रिपेअर चालवा. बाकीच्या दोन प्रतींतून भरून येईल. आता सगळे ४.१ वर आहेत, त्यामुळे रिपेअरला हरकत नाही. रिपेअर पूर्ण होईपर्यंत वाचन कोरमवरच (बहुसंख्य प्रतींवर) ठेवा.

टोकनधारी

डीमेसेजमध्ये तीन ओळी आहेत. तिन्ही त्याच डिस्कच्या.

ऑनकॉल_मावशी

मग रिपेअर राहू दे. त्या डिस्कचा पूर्ण नोडच बदला. डिस्क बदलण्याची मागणी आजच टाका, आणि ५.० ची तारीख कुणाला सांगितली असेल तर आजच मागे घ्या.

टोकनधारी

टाकली. तारीख अजून सांगितलेली नव्हती, ही एक बरी गोष्ट. नोड बदलला की इथेच कळवतो.